हळुवार स्पर्श आणि रक्ताची तपासणी

(नागभीड येथील आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून कंबर धरली, की घरातलेच कुणीतरी तेल लावून चोळून देते. बाळाची टाळू भरणारे हातही आपल्या ओळखीचे आहेत. स्पर्शाने बरे वाटते, हे आपणांस कोणी शिकवायला नको. अशाच हलक्या स्पर्शावर आधारलेल्या ‘क्रेनिओसॅक्रल थेरपी’विषयी आज चार शब्द सांगणार आहे.

अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ साली ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हाडे-सांधे हाताने हाताळून उपचार करण्याचे विद्यालय काढले. तेथील विद्यार्थी विल्यम सदरलँड यांना कवटीच्या एका सुट्या हाडाची कड माशाच्या कल्ल्यासारखी तिरपी दिसली. त्यावरून कवटीची हाडे किंचित हलत असावीत, असे त्यांनी मानले व १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे डॉ. जॉन अपलेजर यांनी या विचाराला आजचे रूप दिले आणि १९८५ मध्ये शिकवणारी संस्था काढली.

उपचारात माणूस कपड्यांसह निजतो. उपचारक डोके, पाठ आणि कमरेखालचे त्रिकोणी हाड यांवर हात ठेवतो. दाब किती? सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखरेएवढा! मेंदू व मणक्याभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाची लय हाताला कळते आणि ती सुधारता येते, असा त्यांचा दावा आहे.

हा दावा मात्र तपासणीत टिकलेला नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन तज्ज्ञांनी त्याच १२ जणांची लय मोजली. तिघांचे आकडे जुळले नाहीत. तान्ह्या बाळाची टाळू मऊ असते हे खरे, पण मोठ्या माणसाची कवटी हाताच्या हलक्या दाबाने हलत नाही. स्वस्थ पडून राहिल्याने आणि मायेच्या हाताने आराम वाटतो, एवढे आपण मान्य करू. आराम वाटणे वेगळे आणि रोग बरा होणे वेगळे.

बंधू-भगिनींनो, हा फरक आपल्या भागात जिवाशी निगडित आहे. विदर्भात, आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांतही, सिकलसेलचा आजार बराच आढळतो. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे असह्य ठणकतात. लहान बाळाचे हातपाय सुजतात. अशा वेळी घरोघर मालिश होते, दिवस निघून जातात आणि रक्त तपासायचे राहून जाते. मूल वारंवार हातपाय दुखतात म्हणत असेल, अंग पिवळे दिसत असेल, ताप असेल, तर आधी सरकारी दवाखाना गाठा. हायड्रॉक्सीयुरियासारख्या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात.

विद्यार्थ्यांना विशेष सांगणे आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. म्हणून पत्रिकेपेक्षा रक्ताचा अहवाल जुळवा. केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले. तपासणीचा लाभ घ्या.

ज्या समाजाला शतकानुशतके स्पर्श नाकारला गेला, त्याला मायेच्या हाताचे मोल ठाऊक आहे. तो हात दुखऱ्या मुलाच्या पाठीवर जरूर ठेवा. पण त्याच हाताने त्याला तपासणीलाही न्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.