हवेचा कॉम्प्रेसर का तापतो?

चैत्र-वैशाखात सोलापुरात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि पत्र्याखाली काम करणाऱ्याच्या तर अंगाची लाही होते. अशा वेळी घरच्या कारखान्यातला हवेचा कॉम्प्रेसर तापून बंद पडला, की पंक्चरवाला असो, रंगकाम करणारा असो, की यंत्रमागावरचे तूस हवेने झाडणारा असो, त्याचा दिवसाचा रोजगार बुडालाच. मिस्त्रीला निरोप धाडण्यापूर्वी आपण थोडा विचार करू या.

कॉम्प्रेसर तापणार, हे ठरलेलेच आहे. शिक्षकांनी वर्गात सायकलचा पंप घ्यावा, त्याचे तोंड बोटाने दाबून वीस वेळा जोराने दांडा मारावा. पंप तोंडाकडे जास्त तापतो. नुसत्या घर्षणाने तापला असता, तर तो सगळीकडे तापला असता. हवा दाबली की ती तापते. शेतावरच्या डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेतच तेल पेट घेते. चाळीस अंशांची हवा एका दमात आठपट दाबली, तर गणिताने ती अडीचशे अंशांच्या पुढे जाते! तेव्हा पाहायचे ते इतकेच : ही उष्णता बाहेर का पडत नाही, आणि यंत्र गरजेपेक्षा जास्त का राबते?

आधी वीज तोडा, टाकीतली हवा सोडा, यंत्र निवू द्या. मग सिलिंडरच्या अंगावरची पाती बघा. आपल्याकडे सुताचे तूस आणि तेल मिळून त्यांवर गोधडीच पांघरली जाते. ती कोरड्या ब्रशने काढा. हवा आत घेणारी जाळी साफ करा. यंत्र भिंतीला खेटून असेल, तर दीड-दोन हात पुढे ओढा. नंतर चाक कोणत्या दिशेने फिरते ते बाणाशी ताडून पाहा. चाकाचे आरे पंख्याचे काम करतात. तीन फेजच्या तारा बदलल्या, की मोटर उलटी फिरते. टाकी भरते, पण वारा सिलिंडरवर येत नाही, आणि ही चूक कुणाच्या ध्यानातही येत नाही!

आता गळती पाहू. टाकी भरा, मोटर थांबवा, नळ बंद करा आणि काट्यावर नजर ठेवा. हवा निवताना काटा थोडा उतरतोच. पण तो उतरतच राहिला, तर सांध्यांना साबणाचा फेस लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. गळक्या रांजणात पाणी भरणाऱ्या बाईला विसावा कुठला? लहान पिस्टनच्या कॉम्प्रेसरला तर मधूनमधून विसावा हवाच. टाकीच्या तळाचे पाणीही रोज सोडा. पाण्याने जागा अडवली, की हवा कमी मावते आणि मोटर वारंवार सुरू होते.

शेवटी तेल. ते काचेवरच्या खुणेपर्यंत हवे, आणि कॉम्प्रेसरचेच हवे. भलते किंवा जुने तेल जळून झडपांवर काजळी धरते. मग झडप नीट मिटत नाही, तापलेली हवा मागे येते, पुन्हा दाबली जाते, आणखी तापते. इथे मात्र मिस्त्रीला बोलवा.

दोन गोष्टी कधीही करू नका. तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नका, बीड तडकते. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा फुसफुसतो म्हणून तो तारेने बांधू नका, की त्यात खुंटी ठोकू नका. टाकी फुटली, तर ती बाँबसारखी फुटते. आपल्याकडे कारखाना आणि घर यांत पुष्कळदा एकच भिंत असते, आणि तिच्या पलीकडे पोरे अभ्यास करीत असतात.

तेव्हा सकाळी माग किंवा दुकान सुरू करण्यापूर्वी पाच मिनिटे काढा : पाणी सोडा, तेल बघा, पाती झाडा. शिक्षक मंडळींनी पंपाचा प्रयोग जरूर करावा; वर्गातला एखादा मुलगा घरी जाऊन बापाला चाकावरचा बाण दाखवील.