रस्त्यावरच्या गवयाची जागा

आपल्याकडच्या वासुदेवाला जागा शोधावी लागत नसे. उजाडतांना मोरपिसांची टोपी घालून तो दारांत उभा राही. घरचीं माणसें अजून कामाला जुंपलेलीं नसत, आणि सुपांतले मूठभर दाणे कोठें आहेत तें घरधनिणीला ठाऊक असे. ऐकणारा एका जागीं, गाणारा फिरता. परक्या शहरांत वाद्य घेऊन उतरणाऱ्या गवयाचें याच्या उलट असतें. तेथें ऐकणारा चालता असतो आणि थांबावयाचें असतें गवयाला. कोठें थांबावें हा त्याचा पहिला प्रश्न. काय वाजवावें हा दुसरा.

हा क्रम आपणांस उरफाटा वाटेल. मलाही तो तसाच वाटे. पण १२ जानेवारी २००७ रोजीं सकाळीं आठच्या सुमारास अमेरिकेच्या राजधानींत एक प्रयोग झाला. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राच्या सांगण्यावरून नामांकित व्हायोलिनवादक जोशुआ बेल साध्या वेषांत भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत, कचऱ्याच्या टोपलीशेजारीं उभे राहिले. हातीं १७१३ सालचें स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन. ४३ मिनिटें ते वाजवीत होते. १,०९७ माणसें पुढून गेलीं. मिनिटभर तरी थांबलीं तीं अवघीं ७. जवळच लॉटरीच्या तिकिटांसाठीं रांग होती, तींतल्या एकानेंही मान वळविली नाहीं. लहान मुलें तेवढीं थांबूं पाहत, आणि आईबाप त्यांना ओढून नेत.

यावरून शहरचे लोक अरसिक, असा निकाल पुष्कळांनीं दिला. मला तो घाईचा वाटतो. ज्यांना कचेरी गांठावयाची आहे त्यांच्या वाटेंत बाख वाजविला, तर दोष कानांचा म्हणावा कीं जागेचा? रस्त्यावर मुरलेल्या गवयानें ती जागा दुरूनच नाकारली असती. गर्दी मोठी असून भागत नाहीं. तिच्यापाशीं सवड असावी लागते. माणूस आपण होऊन पाऊल हळू करतो तेथें उभें राहावें : बाजाराच्या चौकाचें तोंड, नदीवरचा पायपूल. गवई दिसण्यापूर्वीं वीस-तीस पावलें सूर कानीं यावा, म्हणजे खिशांत हात घालावयास अवधि मिळतो. पाठीशीं भिंत असली तर सूर पुढें जातो. वर कमान असली तर तो भरून येतो, पण जलद स्वर एकमेकांत मिसळतात; तेथें संथच वाजवावें. दुकानाचें दार मात्र अडवूं नये.

आणि खिडकींतल्या माणसाचें काय? लंडनचे गणिती चार्ल्स बॅबेज यांना रस्त्यावरच्या वाद्यांनीं काम करणें अशक्य झालें होतें. १८६४ च्या कायद्यानें लंडनच्या गृहस्थाला गवयास दूर घालविण्याचा हक्क दिला. बॅबेज यांची मला कींव येते, कारण आमच्या खिडकीखालींही एक पेटीवाला बसे, आणि मीं खिडकी लावून घेतली आहे. पुढें त्याच लंडनच्या भुयारी रेल्वेनें २००३ सालीं गवयांना परवाने देऊन त्यांच्यासाठीं जमिनीवर अर्धवर्तुळें आंखून दिलीं. पूर्वीं तेथें वाजविणें हाच गुन्हा होता.

बेल २०१४ च्या सप्टेंबरांत पुन्हां वॉशिंग्टनच्या स्टेशनांत वाजवावयास गेले. या खेपेस स्टेशन मोठें होतें, वेळ दुपारची होती आणि वर्दी आधींच दिलेली होती. उभें राहावयास जागा उरली नाहीं.