मे महिन्यातली वाकळ

आपल्या कोल्हापूरकडे गोधडीला वाकळ म्हणतात. मे महिन्यात मी हौसेनं ती शिवतो. जुन्या साड्या, चादरी उन्हात वाळवायच्या, थर अंथरायचे, हातानं धावदोरा घालत जायचं. पावसाळ्यात हीच अंगावर. मित्र हसतात, हसू देत.

शेजारच्या कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी बायका अशीच ‘कवंदी’ शिवतात, कडेपासून मध्याकडे. त्यांत मुस्लिम, हिंदू, ख्रिश्चन सगळ्या आहेत. टाका बघून कोण कुठली ते ओळखून दाखवा!

एक मात्र खटकतं. माझी जी हौस, ती गल्लीतल्या खालांची मजुरी. वाकळीला दिवसच्या दिवस जातात, तरी लोक घासाघीस करतात. शिकायचंय? जुन्या साड्या घेऊन या. खाला शिकवतील, पण त्यांचा दर आधी विचारा आणि पुरता द्या.