बलून आणि खेडूत

सोलापुराहून हैदराबादेस जाणाऱ्या हमरस्त्यावर उमरगा हें धाराशिव जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण आहे. हैदराबादेहून सोडलेलीं शास्त्रीय बलुनें वाऱ्याबरोबर वाहत जाऊन ज्या मुलखांत उतरतात, त्यांत हा सारा प्रदेश मोडतो. पहांटे शेतावर गेलेल्या कुणब्यास ज्वारीच्या उभ्या पिकांत एखादी पेटी, तिला बांधलेली रंगीत छत्री आणि आसपास पातळ प्लास्टिकचा ढीग पडलेला दिसला, तर त्यानें काय करावें? हा प्रश्न आजचा वाटतो. पण फ्रान्समधील एका खेड्यास तो १७८३ सालींच पडला होता. त्या खेड्यानें जें केलें त्याबद्दल त्याची आजतागायत थट्टा होत आली आहे. ती थट्टा कितपत न्याय्य आहे, हें श्रोत्यांनीं हकीकत ऐकून स्वतःच ठरवावें.

बलुनाचा जन्मच मुळीं १७८३ सालचा. आनोने गांवीं कागदाचा कारखाना चालविणाऱ्या माँगोल्फिए बंधूंनीं त्या वर्षीं जून महिन्यांत कापड व कागद यांची एक प्रचंड पिशवी केली व तिच्याखालीं गवत आणि लोकर जाळली. पिशवी वर गेली. तापलेली हवा प्रसरण पावून हलकी होते, हें तिचें खरें कारण. पण बंधूंची समजूत अशी कीं, धुरांतच कांहीं विशेष गुण आहे. शोध बरोबर आणि उपपत्ति चूक, असा प्रकार शास्त्राच्या इतिहासांत विरळा नाहीं.

पॅरिसमधील पदार्थविज्ञानवेत्ते झाक शार्ल यांनीं निराळी वाट धरली. जुन्या शालेय पुस्तकांत ज्यास उज्जवायु म्हणत, तो हायड्रोजन वायु हवेपेक्षां सुमारें चौदा पट हलका असतो. लोखंडाच्या किसावर गंधकाम्ल ओतून त्यांनीं तो तयार केला. रेशमी कापडास रबराचा लेप देऊन रोबेर बंधूंनीं सुमारें चार मीटर व्यासाचा गोळा बनविला व तो भरण्यांत कित्येक दिवस खर्चीं पडले. २७ ऑगस्टच्या पहांटेपूर्वीं हा गोळा मशालींच्या उजेडांत पॅरिसच्या रस्त्यांतून मैदानाकडे नेण्यांत आला. त्या वेळीं वाटेंतील गाडीवानांनीं गाड्या थांबविल्या, टोप्या काढल्या व गुडघे टेकले, असें तत्कालीन वृत्तांतांत नमूद आहे. हे गाडीवान राजधानीचे रहिवासी होते, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

त्याच दिवशीं सायंकाळीं बलून सुटलें. त्यांत वायु वाजवीपेक्षां अधिक भरला होता. उंची वाढते तसतसा बाहेरील हवेचा दाब कमी होतो व आंतील वायु फुगूं लागतो; त्या ताणानें कापड फाटलें आणि सुमारें पाऊण तासानें बलून पॅरिसच्या उत्तरेकडील गोनेस खेड्याच्या शिवारांत येऊन पडलें. गोनेसच्या शेतकऱ्यांपुढें जें आलें तें असें : आभाळांतून उतरलेला, दोन पुरुष उंचीचा गोळा, वारा लागतांच फुगणारा व पुन्हा बसणारा, जणूं श्वास घेणारा. त्यास हात नाहीं, पाय नाहीं, डोकें नाहीं. बरोबर मनुष्य नाहीं, चिठ्ठी नाहीं. लोकांनीं दगड मारले, दाताळीं खुपसलीं. छिद्रांतून उग्र वास बाहेर आला, तेव्हां हा कोणी प्राणी असावा हा संशय पक्का झाला. अखेरीस निपचित पडलेलें तें कलेवर घोड्याच्या शेपटीस बांधून शेतांतून फरफटत नेण्यांत आलें. शार्ल यांच्या एवढ्या खटाटोपाच्या चिंध्या झाल्या.

शहरांत या प्रसंगाचीं चित्रें छापून निघालीं व खेडवळांचें पुष्कळ हंसें झालें. पण त्यांनीं केलें तरी काय? अपरिचित वस्तु शिवारांत येऊन पडली. तिच्यापासून धोका आहे कीं नाहीं हें त्यांनीं हातीं होत्या त्या साधनांनीं पाहिलें. लांडगा आला असतां जें करावयाचें तेंच केलें. अज्ञान होतें यांत शंका नाहीं. परंतु पॅरिसकरांस जें ठाऊक होतें तें कोणीतरी सांगितल्यामुळें ठाऊक होतें, आणि गोनेसला सांगावयास कोणी गेलें नव्हतें.

फ्रेंच सरकारच्या हें ध्यानांत आलें, ही त्याच्या शहाणपणाची गोष्ट होय. आकाशांत काळवंडलेल्या चंद्रासारखा गोळा दिसल्यास भिऊं नये, तो केवळ कापडाचा व कागदाचा केलेला आहे, त्यापासून इजा होत नाहीं व पुढेंमागें समाजास त्याचा उपयोगच होईल, अशा आशयाचा जाहीरनामा काढण्यांत आला. १ डिसेंबर रोजीं शार्ल स्वतः रोबेर बंधूंपैकीं एकास घेऊन हायड्रोजनच्या बलुनांतून उडाले व सुमारें दोन तासांनीं नेल गांवाजवळ उतरले. त्या वेळीं शेतकरी आनंदानें त्यांच्याकडे धांवत आले. अर्थात् हा परिणाम एकट्या जाहीरनाम्याचा म्हणतां येणार नाहीं. टोपलींतून मनुष्य बोलूं लागला म्हणजे भीति आपोआपच मावळते. तरीहि सर्वत्र ती मावळली असें नाहीं. पुढील वर्षीं १५ सप्टेंबर रोजीं इंग्लंडांत लुनार्दी यांचें बलून उतरूं लागलें, तेव्हां ते वरून हांका मारीत असतांहि शेतांतील मजूर पुढें होईनात. दोर धरला तो एलिझाबेथ ब्रेट या तरुण मुलीनें!

हिंदुस्थानांतील शहरवासीयांनीं बलून पाहिलें तें मुख्यतः तमाशा म्हणून. १८८९ सालीं पर्सिव्हल स्पेन्सर या इंग्रजानें मुंबईस बलुनाचे प्रयोग केले. त्याच वर्षीं कलकत्त्यास रामचंद्र चट्टोपाध्याय यांनीं बलुनांतून आकाशारोहण केलें. अशा प्रयोगांची जाहिरात होई, आणि पाहणारा मनाची तयारी करूनच घरून निघे.

शास्त्रीय बलुनाची गोष्ट वेगळी. त्यांत मनुष्य नसतो, त्यामुळें त्याची गत पुन्हा गोनेसच्या बलुनासारखी होण्याचा संभव असतो. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठीं डॉ. होमी भाभा यांनीं या देशांत बलुनांचा उपयोग सुरू केला, आणि पुढें टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें हैदराबाद येथें त्यासाठीं कायमचें केंद्र उभारलें. तेथील बलुनें पातळ पॉलिथिनचीं असून त्यांचा व्यास पन्नास ते पंच्याऐंशीं मीटरपर्यंत असतो. वायु मात्र शार्ल यांचाच, हायड्रोजन. तीं उपकरणें घेऊन तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीवर जातात. कांहीं तासांनीं उपकरणें छत्रीच्या आधारानें खालीं येतात, तीं हैदराबादेपासून दोनशें ते साडेतीनशें किलोमीटरपर्यंत कोठेंहि. विशाखापट्टण, हैदराबाद व सोलापूर यांना जोडणारी रेषा धरावी. उमरगा जवळजवळ त्या रेषेवरच आहे.

संस्था उड्डाणांपूर्वीं निवेदन काढते. पेटीस हात लावूं नये, कांहीं उपकरणांत उच्च दाबाची वीज असते, पोलीस ठाण्यास किंवा टपाल कचेरीस कळवावें, असें त्यांत असतें. जो वस्तु जशीच्या तशी राखून खबर देईल त्यास बक्षीस व खर्च मिळतो. मोडतोड करणारास कांहीं मिळत नाहीं. योजना चांगली आहे. कारण आंतील नोंदी गेल्या म्हणजे रात्रभराचें काम वायां जातें, आणि अनोळखी पेटी उघडणाऱ्याच्या जिवासहि अपाय होण्याचा संभव असतो. उणीव एवढीच कीं, वर्तमानपत्रांतील निवेदन वाचणारा बहुधा शहरांत असतो, आणि पेटी पडते ती शेतांत.

१८ जानेवारी २०२५ रोजीं ती शेतांतहि पडली नाहीं. उमरग्याच्या पूर्वेस, त्याच हमरस्त्यावरील हुमनाबाद तालुक्यांत जलसंगी नांवाचें गांव आहे. तेथील पुरातन मंदिर शिलालेख कोरणाऱ्या स्त्रीच्या मूर्तीसाठीं प्रसिद्ध आहे. त्या सकाळीं एक अवाढव्य बलून यंत्रासह तेथील एका घरावरच येऊन उतरलें. यंत्रावर तांबडा दिवा लुकलुकत होता. गांव घाबरलें, आणि घाबरावें असेंच तें होतें. पण दाताळें कोणीं उचललें नाहीं. यंत्राबरोबर एक पत्र होतें व त्यावर संस्थेचें नांव होतें. गांवकऱ्यांनीं पोलिसांस वर्दी दिली.