पंडरीचे गिऱ्हाईक होई आनच्या पेठेत

ज्यांनी जन्मभर रायपूरच्या पंडरीत कापड घेतलं, अशा मंडळींचा गट व्हिएतनामला न्यावा तो होई आनसाठी! पिवळ्या भिंतींच्या या जुन्या बंदरात शिंप्यांची दुकानं ओळीनं आहेत. आज माप दिलं की बहुधा उद्या कपडा तयार. गटातल्या काकू ठाणाचं टोक चिमटीत चुरगाळून ‘हे रेशीम नव्हे हो’ म्हणणार आणि दुकानदार हसत दुसरं ठाण काढणार. बिल मात्र लाखांत! घाबरू नका, लाख डाँग म्हणजे साडेतीनशे रुपयांच्या आसपास.

जेवणात शाकाहाऱ्यांनी सावध राहावं. माशांचा रस भाजीतही असतो. पौर्णिमेला मात्र तिथले अनेक बौद्ध शाकाहार पाळतात. तरी पिशवीत भडंग, लसणाची चटणी हवीच.

जवळच मी सन आहे, चंपा राजांची विटांची शिवमंदिरं. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर पाहिलेल्यांना या विटा ओळखीच्या वाटतील. १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत इथली बरीच मंदिरं कोसळली. पुढे भारतीय पुरातत्त्व विभागानं इथे जतनाचं काम केलं आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातलं अखंड दगडी शिवलिंग सापडलं. तिथे आपल्या आजोबांना फोटोपेक्षा तांब्याभर पाण्याची आठवण आधी होते.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात होई आनच्या रस्त्यांवर पुराचं पाणी चढतं. फेब्रुवारी ते एप्रिल उत्तम.