मिरी ते सेंट ऑल्बन्स : बिशप फिलिप लॉइड आणि नगर जिल्ह्यातील बिशपपद

अँग्लिकन पंथ म्हणजे सोळाव्या शतकात रोमच्या पोपचे अधिपत्य नाकारून स्वतंत्र झालेल्या इंग्लंडच्या चर्चशी नाते सांगणारा ख्रिस्ती पंथ, आणि या पंथात बिशप म्हणजे एका विस्तृत प्रदेशातील, म्हणजेच एका धर्मप्रांतातील, सर्व मंडळ्यांचा प्रमुख धर्मगुरू. डीकन, प्रीस्ट आणि बिशप अशी तीन पायऱ्यांची ही रचना असून, नव्या धर्मगुरूंना दीक्षा देण्याचा आणि बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण करण्याचा अधिकार तिच्यात केवळ बिशपकडे असतो. त्यामुळे हे पद नुसते कारभाराचे राहत नाही, मंडळीच्या धार्मिक जीवनाचे पुढचे पाऊलच त्यावाचून अडते. नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हे पद दोन वाटांनी आले. एक वाट लष्करी छावणीची होती आणि दुसरी गावकुसाबाहेरच्या वस्त्यांची. फिलिप हेन्री लॉइड (1884-1952) यांचे चरित्र या दुसऱ्या वाटेचे चरित्र आहे, आणि महाराष्ट्राच्या धार्मिक इतिहासात त्याला आजवर मिळाली त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

पहिली वाट थोडक्यात सांगता येते. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नगरचा किल्ला घेतला आणि पुढे भिंगारला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची छावणी वसली. मुंबईचा स्वतंत्र धर्मप्रांत 1837 मध्ये स्थापन होऊन टॉमस कार हे त्याचे पहिले बिशप झाले, तेव्हा बिशपची नेमणूक इंग्लंडच्या राजसत्तेकडून होत असे आणि त्याचा पगार कंपनीच्या तिजोरीतून निघत असे. अशा बिशपच्या दृष्टीने नगर हे प्रामुख्याने गोऱ्या सैनिकांचे आणि त्यांच्या कुटुंबांचे ठाणे होते. मराठी माणसाशी या पदाचा फारसा संबंध नव्हता, आणि तो असावा अशी सरकारचीही अपेक्षा नव्हती.

मराठी मंडळ्या उभ्या राहिल्या त्या आधी अमेरिकन मराठी मिशनच्या कामातून. या मिशनने 1831 पासून नगरला ठाण मांडले, 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक येथूनच सुरू केले, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कर्मभूमीही नगरच ठरली. परंतु हे मिशन काँग्रिगेशनल परंपरेचे होते. म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी, आणि बिशप हे पद न मानणारी. 1870 च्या दशकात एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेने (1701 मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेली ही सुवार्ताप्रसार संस्था) नगरमध्ये काम सुरू केले, तेव्हा दुसऱ्याने नांगरलेल्या शेतात पेरणी केल्याची तक्रार अमेरिकन मिशनऱ्यांनी केली, आणि ती सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. त्याच दशकात 1876-78 चा दुष्काळ पडला. त्यानंतर दोन्ही मिशनांकडे आलेल्यांत महार समाजातील कुटुंबांची संख्या मोठी होती. या धर्मांतराला केवळ अन्नासाठी केलेले म्हणून हिणवण्याची जुनी सवय आहे. परंतु ज्या माणसाला गावच्या विहिरीवर आणि देवळाच्या पायरीवर जागा नव्हती, त्याने आपल्या मुलाला पाटीवर अक्षर गिरवता येईल अशी जागा शोधली, तर त्या निर्णयातला स्वाभिमान ओळखता आला पाहिजे.

या पार्श्वभूमीवर लॉइड यांचे आगमन समजून घ्यावे लागते. ईटन आणि केंब्रिजचे किंग्ज कॉलेज अशा उच्चभ्रू संस्थांत शिकलेल्या, पूर्व लंडनमधील हॅकनी विक या कामगारवस्तीत सहायक धर्मगुरू म्हणून काम केलेल्या, आणि ऑक्सफर्डजवळच्या कडस्डन येथे धर्मगुरूंना शिक्षण देणाऱ्या महाविद्यालयाचे उपप्राचार्यपद भूषवलेल्या या तरुणापुढे इंग्लंडमध्ये मानाच्या जागा मोकळ्या होत्या. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते एस.पी.जी.चे मिशनरी म्हणून आले ते आजच्या पाथर्डी तालुक्यातील मिरी या गावी. पर्जन्यछायेतला हा मुलूख बाजरी-ज्वारीच्या पिकावर जगणारा आणि एक पाऊस हुकला की गावे रिकामी होणारा आहे. मिरीनंतर नगर शहर हे त्यांचे केंद्र झाले. 1918 मध्ये अवर्षण आणि इन्फ्लुएन्झाची साथ ही दोन्ही संकटे दख्खनवर एकदम कोसळली, त्या वर्षीही ते याच जिल्ह्यात होते.

अशा भागातील मिशनरीचे काम प्रवचनापुरते नसे. खेड्यातील मंडळीचा कणा म्हणजे मास्तर. आठवडाभर मुलांना शिकवणारा आणि रविवारी त्याच शाळेच्या खोलीत उपासना चालवणारा. मिशनरीने या मास्तरांची निवड करावी, त्यांना शिकवावे, त्यांच्यातून पुढे दीक्षा देण्याजोगी माणसे घडवावीत, आणि वस्तीत उठणारे अवघड प्रश्न सोडवावेत, अशी अपेक्षा असे. हे प्रश्न खरोखर अवघड होते. बाप्तिस्मा घेतलेल्या महाराने वतनाची कामे करायची की नाही, मेलेले जनावर ओढून न्यायचे की नाही, मांगाने जत्रेत देवापुढे वाजवायचे की नाही. नकार दिला तर बलुते जाई, होकार दिला तर नव्या श्रद्धेला बाध येई. मुंबईच्या कार्यालयात बसून याचे उत्तर देता येत नव्हते.

1925 मध्ये लॉइड मुंबई धर्मप्रांताचे सहायक बिशप झाले. त्या वेळी मुंबईचे बिशप एडविन जेम्स पामर होते. भारतातील ख्रिस्ती पंथांच्या ऐक्यासाठी आणि भारतीय चर्चला इंग्लंडपासून स्वतंत्र करण्यासाठी झटलेल्यांत त्यांची गणना होते. त्या खटपटीला फळ येऊन 1927 च्या कायद्यानुसार 1930 पासून भारत, ब्रह्मदेश व सिलोनचे चर्च स्वायत्त झाले. दरम्यान, 1929 मध्ये नाशिकचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण होऊन लॉइड त्याचे पहिले बिशप झाले.

या नव्या धर्मप्रांतात दोन वेगळ्या प्रवृत्ती एकत्र नांदवायच्या होत्या. नगरकडची एस.पी.जी. परंपरा विधींना आणि संस्कारांना महत्त्व देणारी होती, तर नाशिककडचे काम सी.एम.एस. (चर्च मिशनरी सोसायटी) या प्रवचनावर आणि वैयक्तिक श्रद्धापालटावर भर देणाऱ्या संस्थेचे होते. नाशिकजवळची तिची शरणपूर वसाहत 1854 पासूनची. अशा दोन परंपरांना एका बिशपखाली आणायचे, तर दोन्ही बाजूंचा विश्वास असलेला माणूस हवा होता, आणि मिरीतल्या कामाने लॉइड यांना ती पात्रता दिली होती.

बिशपपदाचा अर्थ खेड्यात कसा उतरतो, हे दृढीकरणाच्या विधीतून स्पष्ट होते. दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेली वचने माणसाने जाणतेपणी स्वतःच्या तोंडाने पुन्हा घेणे, आणि बिशपने त्याच्या मस्तकावर हात ठेवून पवित्र आत्म्याच्या सामर्थ्यासाठी प्रार्थना करणे. सर्वसाधारण नियमानुसार त्यानंतरच प्रभुभोजनात सहभागी होता येत असे. उमेदवारांची शिकवणी आधी होई. विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना आणि दहा आज्ञा अक्षरओळख नसलेल्यांकडूनही पाठ करून घेतल्या जात. मग प्रत्येक जण एकेक करून बिशपपुढे गुडघे टेकी. ज्या माणसाची सावलीसुद्धा गाव टाळत होते, त्याच्या डोक्यावर धर्मप्रांताच्या प्रमुखाचा हात प्रत्यक्ष ठेवला जात होता. या विधीचे धर्मशास्त्रीय विवेचन कितीही करता येईल, पण नगर जिल्ह्यात त्याला आलेला सामाजिक अर्थ त्याहून कमी मोलाचा नव्हता.

लॉइड यांच्या कारकिर्दीतच नाशिक जिल्हा महाराष्ट्राच्या सामाजिक लढ्याच्या मध्यभागी आला. 2 मार्च 1930 रोजी दलितांच्या मंदिरप्रवेशासाठीचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. मिशनांच्या शाळांनी अक्षरे दिली होती, पण जातीच्या अपमानाचे उत्तर आता त्या समाजातूनच उभे राहिले होते, आणि ते कोणत्याही बिशपच्या मार्गदर्शनाची वाट पाहत नव्हते. एवढ्या मोठ्या संख्येने दलित असलेल्या या चर्चचे सर्वोच्च पद मात्र अजून इंग्रजाकडेच होते. लॉइड यांचे वैयक्तिक समर्पण मान्य करूनही ही उणीव झाकता येत नाही. 1912 मध्येच दोर्नाकलला व्ही. एस. अझरय्या हे पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले होते. नाशिकची सूत्रे आर्थर विल्यम ल्यूथर यांच्यासारख्या भारतीय बिशपकडे गेली ती 1957 मध्ये.

1944 मध्ये लॉइड यांची नेमणूक इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्सच्या बिशपपदी झाली. ब्रिटनचा पहिला हुतात्मा मानल्या गेलेल्या ऑल्बनच्या नावाचा हा धर्मप्रांत लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर आणि बेडफर्डशायर या परगण्यांत पसरलेला आहे. तेथून ते 1950 मध्ये निवृत्त झाले आणि 1952 मध्ये वारले. इंग्लंडच्या दृष्टीने पाहता सेंट ऑल्बन्स हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस ठरतो. परंतु सेंट ऑल्बन्सला त्यांनी सहा वर्षे दिली आणि मराठी मुलखाला जवळजवळ तीन दशके.

त्यांनी मागे ठेवलेल्या धर्मप्रांताचे रूप 29 नोव्हेंबर 1970 रोजी बदलले. त्या दिवशी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या संयुक्त चर्चची स्थापना होऊन अँग्लिकनांसह सहा चर्चसंघ एक झाले, आणि बिशप न मानणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या वारसदार मंडळ्याही त्यात आल्या. शंभर वर्षांपूर्वी ज्या शेतावरून तक्रार झाली होती, तेथील दोन्ही बाजू एका छत्राखाली आल्या. यासाठी दोघांनाही काही सोडावे लागले : बिशपपद टिकले, पण ते घटनेने बांधलेले आणि धर्मगुरू व सामान्य सभासद यांच्या सभेसह कारभार करणारे झाले, आणि बालबाप्तिस्मा व प्रौढबाप्तिस्मा या दोन्ही प्रथांना सारखी मान्यता मिळाली. धर्मप्रांताचे नाव नाशिकचेच राहिले, मात्र त्याच्या बिशपांचे निवासस्थान नगरच्या तारकपूर भागात आहे.