बांधावर फेकलेली भाजी

खुरपणीचे दिवस आहेत. आज शेतातून काय काय उपटून बांधावर फेकलंत, आठवा बरं. टाकळा, कुरडू, तांदुळजा, घोळ? आपल्या आज्या हेच ओच्यात भरून घरी आणायच्या. आपण तण म्हणून टाकतो आणि बाजारातून कोबी विकत आणतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चढ चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. आपण म्हणतो, कामानं थकले. पण ताटात काय होतं, तेही बघायला हवं.

दारातला शेवगाच घ्या. वजनास वजन धरलं, तर त्याच्या पाल्यात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त कॅल्शियम असतं. पालेभाजीतलं लोह अंगी लागायला आंबट हवं, म्हणून वरून लिंबू पिळा. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. भाजी आधी धुवा, मग चिरा. थोड्या पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका. शेवळं मात्र खाजरी असतात. ती आज्यांच्या रीतीनं काकडं किंवा चिंच घालूनच करायची.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. पक्की ओळख पटल्याशिवाय आणि तणनाशक मारलेल्या रानातली भाजी खुडायची नाही. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्याही बंद करायच्या नाहीत.

आता गटाचं काम. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं एक रानभाजी आणा. गावातल्या म्हाताऱ्या आजीला आणि अंगणवाडीताईंना बोलवा. भाजीचं नाव काय, कोवळी कधी मिळते, कशी शिजवायची, हे आजी सांगतील ते वहीत लिहा. तिथंच शिजवा, पोरांना खाऊ घाला. परसात दोन-दोन रोपं बियांसाठी राखा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नव्हत्या, पण त्यांनी घरात गावरान बियाणं जपलं. २०२० ची पद्मश्री त्यांना मिळाली.

आणि शेवटचं. भाजी चांगली झाली की कढई रिकामी होते, आणि सगळ्यांनंतर जेवणारीच्या ताटात नुसती भाकरी उरते. म्हणून आज वाढायला घेताना आपला वाटा आधी काढून ठेवा. लेकीचाही.

भेटू पुढच्या आठवड्यात. नमस्कार.